शुगर असलेला म्हातारा बोका, काढलेले दात आणि इन्सुलिनचा डोस

ठाण्याहून एका ताईंनी विचारलंय. त्यांचा बोका बंड्या १३ वर्षांचा, वजन ६ किलो. आठ महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला, तेव्हापासून ग्लार्जिन इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ २-२ युनिट चालू आहे. तोंडाला वास येत होता, लाळ गळत होती, म्हणून चार दिवसांपूर्वी भूल देऊन सात दात काढले. दुखण्याचं औषध तीन दिवसांचं होतं, ते संपलं. अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू आहेत. बंड्या पाउचमधला रस्सा तेवढा चाटतो आणि तुकडे तसेच ठेवतो. काल तपासायला नेला तर दवाखान्यात शुगर ३१० आली. आता डोस ३ युनिट करायचा, की खात नाही म्हणून इन्सुलिन बंदच ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न. घाबरून त्यांनी काल रात्रीचं आणि आज सकाळचं इंजेक्शन दिलेलंच नाही. सासूबाई म्हणतात मऊ दूध-भात द्या, आणि शेजारच्या काकूंनी अर्धी क्रोसिन द्यायला सांगितलंय.

ताई, आधी त्या क्रोसिनचं सांगते, कारण बाकी सगळं दोन तास थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि ते मांजराला अजिबात द्यायचं नाही. आपलं यकृत ज्या रस्त्याने हे औषध निकामी करतं तो रस्ता मांजरात जवळजवळ नसतोच. मग त्याचं विष होऊन तांबड्या पेशींवर जातं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते आणि बंड्याच्या वजनाला अर्धीसुद्धा विषारीच आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, कॉम्बिफ्लाम, घरातल्या डब्यातलं यातलं काहीच नाही. काकूंनी मायेपोटी सांगितलं असेल, पण त्यांनाही हे सांगून ठेवा. चुकून आधीच दिली असेल तर पुढचं वाचत बसू नका, त्याला घेऊन निघा.

दुसरी तातडीची गोष्ट कीटोनची. मधुमेही मांजर, तोंडात जखमा, खाणं जेमतेम आणि इन्सुलिनचे लागोपाठ दोन डोस चुकलेले. अशा वेळी शरीराला साखर वापरता येत नाही, मग ते चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाचं आम्ल साचतं. मेडिकलमध्ये लघवीतले कीटोन बघायच्या पट्ट्या मिळतात, आज संध्याकाळीच एक डबी आणा. बंड्या वाळूत बसला की मागून लांब दांड्याचा एखादा जुना डाव अलगद धरा. बहुतेक मांजरं एकदा सुरू झाली की मध्येच उठत नाहीत. चमचाभर लघवी मिळाली तरी पट्टी भिजते. डबीवरच्या रंगांशी ताडून बघा. अगदी पुसटशा छटेपेक्षा गडद रंग आला, किंवा तो ओकतोय, नुसता पडून आहे, श्वास भरभर चाललाय असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. जिथे सलाइन लावायची सोय आहे अशा दवाखान्यात रात्रीच न्या.

पट्टी स्वच्छ आली आणि बंड्या डोळे उघडे ठेवून घरात फिरतोय, असं धरून पुढचं लिहिते. मी पुण्यात २२ वर्षं प्राण्यांची डॉक्टर म्हणून काम करतेय आणि गेली काही वर्षं माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त पेशंट मांजरंच असतात. पण बंड्याला मी तपासलेलं नाही. त्याची किडनी कशी आहे, यकृत कसं आहे, किती दात मुळासकट निघाले, हे तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे. त्यामुळे मी जे आकडे सांगेन ते त्यांच्यासमोर ठेवून त्यांच्याकडून पक्के करून घ्या.

तुम्ही विचारलंय, डोस वाढवू की बंद करू. मला वाटतं अडचण वेगळीच आहे. ते २ युनिट ज्या बंड्यासाठी ठरले होते तो बंड्या आता राहिलेला नाही. आठ महिन्यांपूर्वी डोस ठरला तेव्हा त्याच्या तोंडात सडके दात होते, हिरड्यांत पू असेल. शरीरात असा कायमचा जंतुसंसर्ग असला की इन्सुलिन नीट लागू पडत नाही, तेवढ्याच साखरेला जास्त इन्सुलिन लागतं. म्हणजे त्या २ युनिटमधला काही भाग खराब तोंडाशी झगडण्यात जात होता. आता ते दात निघाले. बहुधा पूर्वी तो कोरडे दाणे खायचा आणि आता पाउच चाटतोय, म्हणजे पिष्ट पदार्थही एकदम कमी झाले. त्यात एकूण पोटातच कमी जातंय. इन्सुलिनची गरज तिन्ही बाजूंनी एकाच आठवड्यात उतरतेय. अशा वेळी जुना डोस तसाच राहिला तर शुगर कोसळू शकते, आणि ३ युनिट केले तर धोका आणखी वाढतो.

मग ते ३१० कुठून आले? मांजराच्या बाबतीत दवाखान्यातल्या एका आकड्यावर मी डोस कधीच ठरवत नाही. बास्केटमध्ये कोंबलं, रिक्षातून आणलं, शेजारी कुत्रा भुंकतोय, टेबलावर अनोळखी हात धरताहेत, एवढ्यानंच मांजराची शुगर शे-दीडशेने उडी मारते. मधुमेह अजिबात नसलेल्या मांजराचीही मी ३०० च्या आसपास पाहिली आहे. बंड्याला तर वर दुखणंही आहे. त्यामुळे ३१० या आकड्याचं मला आश्चर्य वाटत नाही आणि भीती तर त्याहून नाही. या दहा-बारा दिवसांत शुगर २५०–३०० ला राहिली तर बंड्या जास्त पाणी पिईल, वाळू जास्त भिजवेल, इतकंच. ती ४० ला आली तर तासाभरात फिट येऊ शकते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. सात-आठ वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांची मनी माझ्याकडे होती. १२ वर्षांची, ३ युनिटवर. मी तिचे सहा दात काढले, तोंड छान स्वच्छ केलं आणि घरी सोडताना सांगितलं की इन्सुलिन नेहमीसारखंच चालू ठेवा. पाचव्या दिवशी पहाटे सरांचा फोन आला. मनी गोदरेजच्या कपाटामागे जाऊन बसली होती, हाक मारली तर मान एका बाजूला झुकत होती, मागचे पाय लटपटत होते. फोनवरच मी मध लावायला सांगितलं. अर्ध्या तासात त्या माणसाने तिला टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात आणली, आणि मध लावूनसुद्धा तिची शुगर ३८ होती. मनी वाचली. चूक माझी होती, डोस मी कमी करायला हवा होता. तेव्हापासून मधुमेही मांजराचे दात काढले की घरी जाताना देण्याच्या कागदावर पहिल्या ओळीत मी कमी केलेला डोस लिहिते, तोंडी सांगण्यावर सोडत नाही.

आता आज रात्रीचं बघू. त्यासाठी घरी शुगर मोजता यायला हवी. माणसाचा साधा ग्लुकोमीटर चालतो. मांजराच्या रक्तात साखर पेशींपेक्षा पातळ भागात खूप जास्त असते, त्यामुळे माणसासाठी बनवलेलं मशीन मांजराचा आकडा बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. फक्त मशीन बदलत राहू नका, एकच ठेवा. बंड्याला जुन्या मऊ टॉवेलात किंवा साडीच्या घडीत गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. रुमाल कोमट पाण्यात बुडवून पिळा आणि कानाच्या कडेला मिनिटभर धरा. कान उजेडाकडे केला की कडेने जाणारी बारीक शीर दिसते. कानाच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा धरा, म्हणजे सुई तुमच्या बोटात जाणार नाही, आणि शिरेच्या अगदी लगत, कडेवर टोचा. मोहरीएवढा थेंब आला की पट्टी त्याला टेकवा. पहिल्या दोन-तीन वेळा जमणार नाही, रक्त केसांत पसरेल. तेव्हा सोडून द्या, पंधरा मिनिटांनी दुसऱ्या कानाला करा. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत बहुतेक घरांतली माणसं हे माझ्यापेक्षा चांगलं करतात, कारण घरात मांजर शांत असतं.

माझा क्रम ठरलेला आहे: आधी मोजायचं, मग खायला द्यायचं, किती खाल्लं ते बघायचं आणि शेवटी सुई. आकडा १५० च्या खाली असेल तर त्या वेळचं इन्सुलिन द्यायचं नाही, खायला द्यायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. १५० ते २५० च्या मध्ये असेल आणि खाणं निम्म्याहून कमी असेल तरीही मी थांबते, दोन तासांनी परत मोजते. आकडा २५० च्या वर असेल आणि त्याने थोडंफार खाल्लं असेल तर निम्मा डोस, म्हणजे बंड्याला १ युनिट. खाणं पूर्ववत होईपर्यंत, कितीही वर आकडा दिसला तरी, डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय १ च्या वर जाऊ नका. काहीच खाल्लं नाही आणि आकडा ३०० च्या वर आहे, तर तो निर्णय घरी घ्यायचा नसतो. तेव्हा फोन करायचा, कारण इन्सुलिन पूर्ण बंद ठेवलं तर कीटोन वाढतात आणि दिलं तर शुगर पडायची भीती. सतत शुगर मोजणारा सेन्सर लावायची सोय असेल तर जरूर विचारा. दंडावर लावायचा माणसांचा सेन्सर मांजराच्या मानेजवळ किंवा बरगडीवर केस काढून बसवता येतो. तो पूर्ण १४ दिवस क्वचितच टिकतो, पण पहिले पाच-सहा दिवस मिळाले तरी कान टोचणं वाचतं.

फ्रिजवर किंवा औषधांच्या डब्यात एक छोटी बाटली मधाची नाहीतर ग्लुकॉन-डीची ठेवा. बंड्या डुलत चालतोय, शून्यात बघतोय, एकदम वखवखल्यासारखा अन्न मागतोय, कान-मिशा थरथरताहेत असं काही दिसलं तर शक्य असेल तर मोजा. मोजता आलं नाही तरी अर्धा चमचा मध, किंवा ग्लुकॉन-डीची थोड्या पाण्यातली दाट पेस्ट, बोटाने हिरडीला चोळा. टाके नसलेल्या बाजूला चोळा. फिट चालू असताना तोंडात पातळ काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं, आणि बोट दातांच्या मध्ये येऊ देऊ नका. भानावर आला की लगेच खायला द्या आणि दवाखान्यात न्या, कारण मधाचा परिणाम लवकर ओसरतो आणि ग्लार्जिन बराच वेळ काम करत राहतं.

आता तो खात का नाही? मला तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं ते म्हणजे औषध तीन दिवसांचं होतं आणि ते संपलं. सात दात काढल्यावर हाडापर्यंत जखम असते. ती तीन दिवसांत दुखायची थांबत नाही, पाच ते सात दिवस तरी दुखते. रस्सा चाटणं आणि तुकडे सोडणं याचा सरळ अर्थ मी असा घेते की भूक आहे, पण चावताना कळ येते.

खात्री करायची असेल तर ताटली ठेवल्यावर पहिली दोन मिनिटं फक्त बघत बसा. उत्साहाने आला, तुकडा उचलला, मान वाकडी केली, तुकडा खाली पडला आणि त्याने पंजा तोंडाकडे नेला, तर ते दुखणं. जवळ आला, वास घेतला, ओठ चाटले, घोट गिळला आणि तोंड फिरवून निघून गेला, तर ती मळमळ, आणि ती अँटिबायोटिकने असू शकते किंवा किडनीमुळे. वासही घ्यायला उठला नाही, तर तो आतून आजारी आहे आणि मी फार वाट बघणार नाही. या तिन्हीची औषधं वेगळी आहेत. म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘खात नाही’ म्हणून सांगण्यापेक्षा या दोन मिनिटांत काय दिसलं ते सांगा, किंवा मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवा.

चेहऱ्यावरूनही वेदना कळते. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पद्धत मांडली. तिच्यात पाचच गोष्टी बघायच्या: कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे अर्धे मिटलेत का, नाक-ओठांचा भाग ताणलाय का, मिशा सरळ ताठ पुढे आल्यात का आणि डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. तुमच्याकडे बंड्याचे आधीचे फोटो असणारच. त्यातला जागा आणि निवांत बसलेल्या बंड्याचा एक फोटो शोधा आणि आजच्या चेहऱ्याशेजारी ठेवून बघा.

दुखण्यावर काय द्यायचं हे परिस्थितीवर आहे. मेलॉक्झिकॅम चांगलं काम करतं, पण १३ वर्षांच्या मांजरात किडनी आधीच थकलेली असण्याची शक्यता बरीच असते. शिवाय खाणं-पिणं कमी असताना हे औषध किडनीवर आणखी ताण देतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघितल्याशिवाय मी ते पुढे चालू ठेवणार नाही. ब्युप्रेनॉर्फिन गालाच्या आतल्या बाजूला थेंबाने देता येतं, किडनीला त्यामानाने सोपं, पण ते डॉक्टरांकडूनच मिळतं. गॅबापेंटिन बरेच जण देतात, मीही देते. त्याने मांजर झोपाळू होतं आणि चालताना थोडं झुलतं. मधुमेही मांजराच्या घरी हे मी मुद्दाम सांगते, कारण ते झुलणं आणि शुगर पडल्यावरचं झुलणं डोळ्यांना सारखंच दिसतं. गॅबापेंटिन चालू असताना डुलताना दिसला की ‘औषधाचं असेल’ म्हणून सोडायचं नाही, शुगर मोजायचीच.

एका औषधाबद्दल आधीच सावध करते. हिरड्या लाल आहेत, तोंड सुजलंय म्हणून कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, विशेषतः महिनाभर काम करणारं, तर ‘याला मधुमेह आहे’ हे तुम्ही स्वतः मोठ्याने सांगा. स्टेरॉइडने शुगर वाढते आणि इन्सुलिन बोथट होतं. एकदा दिलेलं लांब पल्ल्याचं इंजेक्शन परत बाहेर काढता येत नाही. मांजरांचा मधुमेह अशा इंजेक्शनांनंतर सुरू झालेला मी अनेकदा बघितलाय.

खाण्याकडे येते. सासूबाईंचं मऊ अन्नाचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त दूध-भात नको. आपल्याकडे मांजर म्हटलं की दूध-पोळी, दूध-भात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण मांजराचं शरीर मांसावर चालणारं आहे, पिष्ट पदार्थ आणि साखर आवरायची ताकद त्याच्या यकृतात फार कमी असते. भाताने बंड्याची शुगर वर जाईल, दुधाने बहुधा पोट बिघडेल. त्यांना सांगा की मऊच करू, पण चिकनचं करू. बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात उकडायचं. मीठ, हळद, आलं-लसूण, कांदा काही नाही. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो, त्यामुळे आपल्या रश्श्यातलं धुऊन काढलेलं मटणसुद्धा चालत नाही. शिजलं की त्याच पाण्यात मिक्सरला लावून श्रीखंडाइतकं दाट करायचं. ठाण्यात असाल तर ओले बोंबील मिळतातच. वाफवून मधला काटा काढला की बोंबील जिभेनेच मोडतो, आणि वासाने रुसलेलं मांजरसुद्धा ताटलीपाशी येतं. फ्रिजमधलं थंड देऊ नका, ताटली कोमट पाण्यावर ठेवून हाताला जाणवेल-न जाणवेल इतकं कोमट करा. वाटी खोल नको, पसरट बशी घ्या आणि पाटावर ठेवा, म्हणजे मान फार खाली घालावी लागत नाही.

किती जायला हवं? ६ किलोच्या म्हाताऱ्या बोक्याला दिवसाला साधारण २४० कॅलरी लागतात. एका ८५ ग्रॅमच्या पाउचमध्ये सुमारे ७० असतात. रस्सा चाटून तुकडे टाकले तर त्यातल्या जेमतेम २० पोटात जातात. म्हणजे तो ‘थोडं खातोय’ असं दिसत असलं तरी खरं तर उपाशी आहे. उकडलेलं चिकन १५० ग्रॅम पोटात गेलं तर दिवस भागतो. ते पाच-सहा वेळा विभागून द्या. पाउचचा रस्सा अनेकदा पिठाने दाट केलेला असतो, त्यामुळे पाउच आणायचाच तर रस्सेदार न आणता खिम्यासारखा एकजीव किंवा जेलीतला बघा आणि काट्याने कुस्करून द्या. नुसतं चिकन दोन आठवडे चालेल. कायमचं नाही, कारण मांजराला लागणारं टॉरिन आणि कॅल्शियम त्यात पुरेसं नसतं.

सिरिंजने तोंडात भरवू नका. तोंडात टाके आहेत, त्याला कळ येणार, आणि मग तो त्या अन्नाचाच तिटकारा करेल. दोन-तीन दिवस पोट जवळजवळ रिकामं राहिलं की मांजराच्या यकृतात चरबी साचायला लागते, अंगाने भरलेल्या मांजरात तर लवकरच. बंड्याचा आज चौथा दिवस आहे. दुखण्याचं औषध परत सुरू करून उद्या रात्रीपर्यंत निम्मं खाणंही सुरू झालं नाही, तर मानेच्या बाजूने अन्ननलिकेत नळी बसवायचं डॉक्टरांशी बोला. नळी म्हटली की माणसं हबकतात, त्यांना वाटतं आता सगळं संपलं. उलट आहे. बसवायला थोडा वेळ भूल लागते, पण अन्न, पाणी, गोळ्या सगळं तिच्यातून जातं, तोंडाला हात लावावा लागत नाही, इन्सुलिन निर्धास्त देता येतं, आणि तो तोंडाने खायला लागला की ती काढून टाकतात. नळी असतानाही मांजर हिंडतं, उन्हात झोपतं.

गोळीचं एक राहिलं. तुम्ही अँटिबायोटिकचं नाव दिलेलं नाही. क्लिंडामायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन असेल तर ती कोरडी गिळवू नका. मांजराच्या अन्ननलिकेत गोळी अडकून राहते, तिथे आतून भाजल्यासारखी जखम होते आणि नंतर नळी आक्रसते. गोळी गेली की लगेच गालाच्या बाजूने पाच-सहा मिलि पाणी हळूहळू पाजा, नाहीतर डॉक्टरांकडून पातळ औषध मागून घ्या. गोळी पेढ्यात घालून देऊ नका, एका घरात तसं चाललेलं मी बघितलंय.

तोंडाकडे रोज एकदा नजर टाका, उघडून बघायची गरज नाही. पहिले दोन दिवस लाळेत गुलाबी छटा असते. चौथ्या दिवशीही रक्त, परत सुरू झालेला घाण वास, एका बाजूने सुजलेला गाल, किंवा शिंकताना नाकातून पाणी-अन्न-रक्त आलं, तर टाके सुटले असतील किंवा वरच्या सुळ्याच्या जागेतून नाकात भोक राहिलं असेल. ते आपोआप भरत नाही. टाके विरघळणारेच असतात, काढावे लागत नाहीत, पण १० ते १४ दिवस कोरडे दाणे आणि चावायची खेळणी बंद. मधुमेहात जखम उशिरा भरते, म्हणून मी १४ धरते.

‘दात नसताना पुढे कसं होणार’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्याची काळजी सोडा. मांजर आपल्यासारखं चर्वण करतच नाही, तुकडे कापून गिळतं. सगळे ३० दात काढलेली मांजरं मी बघते, महिन्याभरात ती पूर्वीपेक्षा जास्त खातात, कारण तोंड दुखायचं थांबलेलं असतं. मात्र त्याला परत कोरड्या दाण्यांवर नेऊ नका. पाकिटाच्या मागे प्रथिनं ३०, चरबी १०, ओलावा १०, तंतू ५, राख ८ असं काही असेल तर बेरीज ६३ होते. उरलेले ३७ टक्के म्हणजे पीठ. मधुमेही मांजराला एवढं पीठ झेपत नाही. ओल्या, मांसाच्या खाण्यावरच ठेवा.

दोन-तीन आठवड्यांनी तोंड भरलं की डोस नव्याने ठरवावा लागेल, आणि तो जुन्या २ वर परत जाईलच असं नाही. घरी दिवसभरात दर दोन-तीन तासांनी घेतलेले आकडे लिहून ठेवा, ते दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा मोलाचे असतात. फ्रुक्टोसामिनची तपासणी होत असेल तर मागच्या साधारण दोन आठवड्यांची सरासरी कळते आणि रिक्षातल्या घाबरण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. काही मांजरांचं इन्सुलिन या टप्प्यावर पूर्ण सुटतं. माणसात क्वचित होणारी गोष्ट मांजरात होऊ शकते, विशेषतः मधुमेह निघून वर्ष झालेलं नसेल, तोंडातला संसर्ग गेला असेल आणि खाणं मांसावर आलं असेल तर. सरांच्या मनीचं इन्सुलिन त्या पहाटेनंतर दोन महिन्यांत सुटलं. बंड्याचं सुटेलच असं मी म्हणत नाही, पण त्याच्याकडेही ही तिन्ही कारणं आहेत. म्हणून आकडे खाली यायला लागले की घाबरू नका, फक्त डोस त्यांच्यामागोमाग उतरवत राहा.

तुम्ही विचारलेली नाही अशी एक गोष्ट. इन्सुलिन पेनने देता की बाटलीतून सिरिंजने? सिरिंज असेल तर आत्ता उठून तिचं टोपण बघा. आपल्याकडे ४० ची आणि १०० ची (म्हणजे इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये किती युनिट) अशा दोन सिरिंजा मिळतात, ४० चं टोपण लाल असतं आणि १०० चं नारिंगी. बाटलीवर १०० लिहिलंय आणि सिरिंज लाल टोपणाची आहे, तर २ च्या खुणेपर्यंत भरलेलं इन्सुलिन २ नाही, ५ युनिट असतं. मेडिकलवाला घाईत हाताला येईल ती देतो, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी आणली तर कळतही नाही. बाटली १०० ची असेल तर नारिंगी टोपणाची ३० युनिटवाली बारीक सिरिंज मागा, तिच्यावर १ ची खूण ठळक दिसते. उद्या दवाखान्यात जाताना इन्सुलिनची बाटली, वापरता ती सिरिंज, अँटिबायोटिकची पट्टी आणि ताटलीपाशी काढलेला व्हिडिओ एवढं बरोबर न्या, आणि सकाळी घरी मोजलेला आकडा बास्केटवरच चिकटपट्टी लावून वेळेसकट लिहून ठेवा.